चिनी ‘ल’ आणि इंग्रजी ‘-एड’: ‘झालं’ म्हणजे ‘काल’ नव्हे

सिंगापूरमधली शिकवणी. बाहेर अचानक सरी कोसळायला लागल्या आणि चीनमधल्या छंगतूहून आलेली चौदा वर्षांची विद्यार्थिनी खिडकीकडे बोट दाखवत ओरडली, ‘टीचर, इट रेन्ड!’ मी म्हटलं, अगं, रेन्ड नाही, इट इज रेनिंग. तिनं मान डोलावली. पाच मिनिटांनी तीच मुलगी आदल्या दिवसाची हकिकत सांगत होती: ‘यस्टरडे इज व्हेरी हॉट, आय स्टे अ‍ॅट होम.’ म्हणजे भूतकाळ नको होता तिथे तिनं तो लावला आणि हवा होता तिथे विसरली.

अशा वेळी शिक्षकांच्या खोलीत एक ठरलेलं उत्तर मिळतं: चिनी भाषेत काळच नाही, मग त्या मुलांना भूतकाळ कसा जमणार? उत्तर अर्धवट आहे. चिनी क्रियापद बदलत नाही हे खरं. आज जा, काल जा, उद्या जा, सगळीकडे एकच रूप, आणि वेळ सांगायला ‘काल’, ‘उद्या’ हे शब्द असतातच. त्यामुळे ‘यस्टरडे आय गो’ समजू शकतं. पण पाऊस डोळ्यांसमोर पडत असताना ‘रेन्ड’ कुठून आलं? काळ नसलेल्या भाषेतून आलेल्या मुलीनं जादा भूतकाळ का लावावा?

तो आला ‘ल’ या छोट्या शब्दातून. चिनी वाक्यात क्रियापदानंतर किंवा वाक्याच्या शेवटी हा ‘ल’ येतो, अगदी आपल्या ‘ल’सारखाच उच्चारला जातो. शाळेत पहिल्यांदा इंग्रजी भूतकाळ शिकताना मुलं मनातल्या मनात एक समीकरण मांडतात: आपला ‘ल’ तोच त्यांचा ‘-एड’. ‘छ्र’ म्हणजे खाणे, ‘छ्र ल’ म्हणजे खाल्लं, झालं की ‘एट’! समीकरण दहातल्या सहा-सात वाक्यांना लागू पडतं, म्हणून तर ते इतकं चिवट आहे. (‘-एड’ म्हणताना मी ‘वेंट’, ‘एट’, ‘वॉज’ ही अनियमित मंडळीही त्यात धरते आहे.)

दोघांचं काम मात्र वेगळं आहे. ‘-एड’ विचारतो: कधी? बोलतोय त्या क्षणाच्या आधी? मग मला लावा, गोष्ट पुरी झाली असो वा नसो, एकदा घडली असो वा रोज घडत असो. ‘ल’ला ‘कधी’शी फारसं देणंघेणं नाही. क्रियापदाला चिकटून आला तर तो सांगतो की ही घटना एक अख्खी घटना म्हणून घडली. वाक्याच्या टोकाला आला तर सांगतो की परिस्थिती आता पालटली. एकाच उच्चाराचे हे दोन ‘ल’ आहेत आणि चिनी व्याकरणकारही त्यांना वेगळे धरतात. टोकाच्या ‘ल’बद्दल चार्ल्स ली आणि सँड्रा थॉम्पसन यांनी 1981 साली जे मांडलं ते मला अजूनही सगळ्यात उपयोगी वाटतं: हा ‘ल’ एखादी स्थिती ‘आत्ताच्या संदर्भात महत्त्वाची’ आहे असं सांगतो.

मराठी वाचकाला हे समजावायला व्याकरणाची गरजच नाही. फलाटावर उभे असताना लांबून लोकल दिसली की आपण काय म्हणतो? ‘गाडी आली!’ अजून ती आलेली नसते. चिनी माणूसही तेच म्हणतो: ‘छ लाय ल.’ दाराची बेल वाजली की स्वयंपाकघरातून आपण ओरडतो, ‘आले, आले!’ तिकडे हॉटेलातला वाढपी ओरडतो, ‘लाय ल, लाय ल!’ पहिले थेंब पडले की आपला ‘पाऊस आला’ आणि त्यांचा ‘श्या यू ल’. घरून निघताना ‘निघाले मी’ आणि ‘वो चौ ल’, त्यातला च ‘चमचा’तला. मुलगा अठरा वर्षांचा ‘झाला’, तर चिनी वाक्याच्या शेवटीही ‘ल’. इतकंच काय, वाटेत भेटलेल्या ओळखीच्या माणसाला आपण ‘जेवलात का?’ विचारतो, तसं जुन्या वळणाचे चिनी लोक ‘छ्र ल मा?’ म्हणत आले आहेत, आणि उत्तराची अपेक्षा दोन्हीकडे तितपतच असते.

हा ध्वनींचा निव्वळ योगायोग आहे, कुणी त्यातून भाषाकुळं जोडायला जाऊ नये. आपला ‘ल’ प्राकृतातल्या ‘-इल्ल’सारख्या प्रत्ययाकडून आला, त्यांचा ‘ल’ हा ‘ल्याव’ म्हणजे ‘संपणे’ या क्रियापदाचा झिजून उरलेला तुकडा आहे. चिनी लिपीत ‘ल’ आणि ‘ल्याव’ यांची खूण अजूनही एकच आहे. इंग्रजीतला ‘-एड’ बहुतेक अभ्यासकांच्या मते ‘करणे’ या अर्थाच्या जुन्या जर्मानिक क्रियापदाचा अवशेष. पण वापरातलं साम्य खरं आहे, आणि म्हणूनच त्या मुलीच्या ‘इट रेन्ड’वर मला हसू आलं नाही. ती ‘पाऊस आला’ म्हणत होती.

इंग्रजी अशा जागी हटून बसतं. थेंब पडतायत तर ‘इज रेनिंग’, गाडी दिसतेय तर ‘इज कमिंग’ किंवा ‘इज हिअर’, निघतोय तर ‘आय अ‍ॅम लीव्हिंग’. तिथे ‘केम’, ‘लेफ्ट’ म्हटलं की ऐकणारा गोंधळतो: आली होती आणि गेली की काय?

उलट बाजूचा सापळा अधिक खोल आहे. तिथे ‘ल’ नसतोच, म्हणून समीकरण पाळणाऱ्या मुलाला ‘-एड’ आठवतच नाही. स्थिती सांगताना ‘ल’ येत नाही: ‘काल फार थंडी होती’ हे चिनीत ‘च्वो-थ्येन हन लंग’, शब्दशः ‘काल फार थंड’. ‘लहानपणी मी जाडा होतो’ यातही ‘ल’ नाही. सवय सांगताना नाही: ‘पूर्वी मी रोज सायकलनं शाळेत जायचो’ हे ‘पूर्वी’ आणि ‘रोज’ या शब्दांवरच भागतं. ‘तो म्हणाला की…’ म्हणून पुढे काय म्हणाला ते सांगायचं असेल तर ‘म्हणणे’ला सहसा ‘ल’ लागत नाही. त्यामुळे एरवी बऱ्यापैकी इंग्रजी लिहिणारा विद्यार्थीही संवाद रंगात आला की ‘ही से… शी से…’ करत सुटतो. नकारातही ‘मेइ’ म्हणजे ‘नाही’ आला की क्रियापदाचा ‘ल’ गळतो: ‘छ्र ल’, पण ‘मेइ छ्र’. गंमत म्हणजे इंग्रजीही इथे असंच वागतं, ‘डिड नॉट’ आला की ‘एट’चं पुन्हा ‘ईट’ होतं. हे साम्य दाखवून दिलं की ‘डिडन्ट एट’ची चूक पटकन कमी होते, असा माझा अनुभव.

मराठी या दोघांच्या मधे उभी आहे. ‘आली आली’चा ‘ल’ आपल्याकडे आहे आणि ‘काल थंडी होती’ म्हणताना ‘आहे’चं ‘होती’ करायची सक्तीही आहे. म्हणून पुण्या-नागपुरातल्या मुलाला ‘इट वॉज कोल्ड’ शिकताना घाम फुटत नाही. आपलं घोडं दुसरीकडे अडतं, ते पुढे येईलच.

भविष्यकाळात तर ‘ल’ बिनधास्त फिरतो. ‘उद्या जेवलो की जातो’ हे वाक्य चिनीत ‘मिंग-थ्येन वो छ्र ल फान च्यौ छ्यू’. ‘जेवलो’मध्ये आपला ल, ‘छ्र ल’मध्ये त्यांचा, आणि दोन्ही उद्याबद्दल. इंग्रजीत ‘आफ्टर आय ईट’ किंवा ‘आफ्टर आय हॅव ईटन’, पण विद्यार्थ्याच्या वहीत येतं ‘टुमॉरो आफ्टर आय एट’. भाव सांगताना ‘थाय क्वै ल’, फारच महाग! बाजारात घासाघीस करताना सर्रास कानावर पडणारा हा ‘ल’ ना भूतकाळाचा, ना काही संपल्याचा.

आणि ‘ल’ म्हणजे ‘पूर्ण’ हेही ताणू नये. ‘काल एक चित्र काढलं ल, पण पुरं केलं नाही’ अशा धर्तीचं चिनी वाक्य अनेक चिनी भाषकांना खटकत नाही. पक्कं ‘पुरं झालं’ सांगायला त्यांच्याकडे ‘वान’ हा वेगळा शब्द आहे. इंग्रजीत ‘आय पेंटेड अ पिक्चर’ म्हटल्यावर चित्र तयार असायला हवं.

एका जागी मात्र चिनी विद्यार्थी आपल्यापेक्षा पुढे असतो आणि शिक्षक ते वापरतच नाहीत. ‘चू ल सान न्येन’ म्हणजे तीन वर्षं राहिलो. मुक्काम बहुधा संपलेला, निदान आज राहतोय असं त्यातून कळत नाही. त्याच्याच शेवटी दुसरा ‘ल’ लावा, ‘चू ल सान न्येन ल’, आणि अर्थ होतो: तीन वर्षं झाली, अजून राहतोय. हाच फरक इंग्रजी ‘आय लिव्ड हिअर फॉर थ्री इयर्स’ आणि ‘आय हॅव लिव्ड हिअर फॉर थ्री इयर्स’ यांत करतं. एक ‘ल’ म्हणजे ‘लिव्ड’, दोन ‘ल’ म्हणजे ‘हॅव लिव्ड’. अशा कालावधीच्या वाक्यांपुरतं हे समीकरण इतकं चोख बसतं की फळ्यावर मांडल्यावर वर्गात एकदम शांतता पसरते. आपण मात्र ‘तीन वर्षं झाली राहतोय’चं सरळ ‘आय अ‍ॅम लिव्हिंग हिअर सिन्स थ्री इयर्स’ करतो आणि वर्षानुवर्षं तसंच बोलतो. आपलं घोडं अडतं ते इथे.

‘हॅव’चा आणखी एक जोडीदार चिनीत आहे, ‘क्वो’. ‘बेजिंगला छ्यू क्वो’ म्हणजे कधीतरी जाऊन आलोय, इंग्रजीत ‘हॅव बीन टू’. ‘छ्यू ल’ म्हणजे गेलो किंवा गेलाय. ‘ही हॅज गॉन’ आणि ‘ही हॅज बीन’ यांत अडखळणाऱ्याला एवढी जोडी पुरते.

आता एक वेगळीच अडचण. नियम कळला, कागदावर जमला, तरी तोंडातून ‘-एड’ येत नाही. चीनच्या कॉलेज-प्रवेशपरीक्षेत, काओखाओमध्ये, 150 गुणांच्या इंग्रजी प्रश्नपत्रिकेत व्याकरणाच्या गाळलेल्या जागांचा एक उतारा असतो: 10 जागा, 15 गुण. त्यात क्रियापदाचं योग्य रूप भरताना मुलं क्वचितच चुकतात, बोलायला उभी राहिली की मात्र रूपं गळतात. थोडा दोष जिभेचा. मँडरिनमध्ये, म्हणजे प्रमाण चिनीत, शब्दावयवाच्या शेवटी न, ङ आणि क्वचित र सोडून व्यंजन येत नाही, आणि इंग्रजी ‘वर्क्ड’च्या शेवटी क आणि ट एकमेकांवर आदळतात. ते एक तर गिळले जातात किंवा मधे स्वर घुसून ‘वर्केडअ’सारखं काहीतरी होतं. पण सगळं जिभेवर ढकलता येत नाही, कारण ‘वेंट’ म्हणायला अवघड नाही आणि तेही गळतं. अमेरिकेत अनेक वर्षं राहिलेल्या, दिवसभर इंग्रजीतच बोलणाऱ्या एका चिनी भाषक बाईंचं बोलणं डॉना लार्डिएर या भाषाशास्त्रज्ञ अभ्यासत होत्या. 1998 मध्ये त्यांनी दाखवलं की जिथे भूतकाळ हवाच अशा जागांपैकी जेमतेम तिसऱ्या हिश्श्यात या बाई तो लावत. इंग्रजी सर्वनामांच्या ‘आय’ आणि ‘मी’, ‘शी’ आणि ‘हर’ अशा रूपांत मात्र त्या चुकत नसत, आणि लिहिताना भूतकाळही बोलण्यापेक्षा बराच नीट येई. म्हणजे आळस नाही, अज्ञानही नाही.

म्हणून सराव करून घेताना मी ‘भूतकाळात लिहा’ असं आता सांगत नाही. ज्यात चिनीत ‘ल’ येणारच नाही अशाच दहा गोष्टी लिहायला लावते: लहानपणीचं घर कसं होतं, आजीला काय आवडायचं, गेल्या वर्षीच्या वर्गात किती मुलं होती, आई रोज काय म्हणायची. ‘ल’चा आधार नसताना ‘-एड’ लावायची सवय लागते ती अशाने. शब्दसंग्रहाच्या वहीत ‘गो’समोर चिनी अर्थ लिहिण्याऐवजी ‘गो, वेंट, गॉन’ ही तीन रूपं आणि प्रत्येकाचं एक छोटं वाक्य.

वाचनाचा सराव मात्र लोक व्याकरणापासून तोडतात, ते मला पटत नाही. चिनी वाचकाची नजर इंग्रजी उताऱ्यात आधी ‘यस्टरडे’, ‘लास्ट विंटर’ असे शब्द टिपते आणि क्रियापदाच्या शेपटावरून घसरत जाते. बहुतेक वेळा निभावतं. पण ‘व्हेन आय गॉट देअर, शी लेफ्ट’ आणि ‘व्हेन आय गॉट देअर, शी हॅड लेफ्ट’? चिनीत दुसऱ्याला ‘आधीच’ या अर्थाचा शब्द लागतो, इंग्रजीत एवढा ‘हॅड’ पुरतो. त्या मुलीला मी अशा दोन वाक्यांखाली चित्रं काढायला सांगितली. पहिल्यात तिनं दारात समोरासमोर आलेल्या दोन बायका काढल्या, एक आत शिरतेय, दुसरी छत्री घेऊन बाहेर पडतेय. दुसऱ्यात तिनं रिकामी खोली काढली आणि जरा विचार करून टेबलावर अर्धा उरलेला चहाचा कप.