पुण्यात, पुण्यांत, पुण्याहून: संगणक शब्दाची रूपे कशी जुळवतो

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि पुण्याच्या नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. या पुराविषयी तेव्हापासून आजपर्यंत जे लिहिले गेले, ते सारे संगणकावर घेऊन त्यातील प्रत्येक स्थळनामावर खूण करायची आहे, असे समजू. अशा खुणा करण्याला टॅगिंग म्हणतात. मूळ मजकुराला हात न लावता, कितव्या चिन्हापासून कितव्या चिन्हापर्यंत स्थळनाम आहे, एवढीच नोंद वेगळी ठेवली जाते. हे काम माणसाने लिहिलेल्या याद्या आणि नियम यांच्या आधारे करता येते. प्रत्येक खूण कोणत्या नियमामुळे पडली हे त्यात नेमके दाखवता येते, आणि अभ्यासाच्या कामासाठी मला हा गुण फार मोलाचा वाटतो.

यादीत ‘पुणे’ लिहिले की काम झाले असे वाटते. पण प्रत्यक्ष लेखनात पुण्यात, पुण्याला, पुण्याहून, पुण्यातल्या, पुण्यापर्यंत अशीच रूपे अधिक येतात आणि त्यांपैकी एकातही ‘पुणे’ हा अक्षरक्रम नाही. मग ‘पुण’ने सुरू होणारा प्रत्येक शब्द घ्यावा, तर पुणेरी, पुण्याई आणि पुण्यतिथीही जाळ्यात येतात. इंग्रजीसाठी मार्टिन पोर्टर यांनी १९८० साली शब्दाच्या शेवटचे प्रत्यय छाटण्याची जी रीत मांडली, तशी रीत मराठीला पुरत नाही, कारण प्रत्यय लागण्यापूर्वी आपल्याकडे शब्दाचे सामान्यरूप होते, म्हणजे मूळ शब्दच बदलतो. माणूसचे माणसा होते, फूलचे फुला होते. प्रत्यय छाटून हाती उरते ते हे बदललेले रूप, जे शब्दकोशात सापडत नाही.

सामान्यरूप ठरते ते बहुतांशी शब्दाच्या लिंगावर आणि अंत्य अक्षरावर. ‘मुळा’ हाच शब्द घ्या. भाजीतला मुळा पुल्लिंगी, म्हणून ‘मुळ्याची भाजी’. नदी स्त्रीलिंगी, म्हणून ‘मुळेच्या काठी’. तिसरा शब्द ‘मूळ’; त्याचे सामान्यरूप ‘मुळा’, म्हणून ‘मुळाशी’, ‘मुळात’. म्हणजे नदीचे नाव आणि मूळचे सामान्यरूप अक्षरशः एक असले, तरी प्रत्यय लागल्यावर तिन्ही वाटा वेगळ्या होतात. ‘पावसामुळे मुळेला पूर आला’ या वाक्यात ‘मुळे’ दोनदा येते. पहिले शब्दयोगी अव्यय आहे, दुसरे नदी. नदीसाठीचा नियम असा लिहावा लागतो: शब्दाच्या आरंभीच ‘मुळे’ असावे आणि त्याला लागून विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय असावे. नुसते सुटे ‘मुळे’ सोडून द्यावे, कारण ते भाजीतल्या मुळ्याचे किंवा ‘मूळ’चे अनेकवचन असू शकते.

म्हणूनच रूपांकडून मूळ शब्दाकडे जाण्यापेक्षा, लिंगासह नोंदलेल्या मूळ शब्दापासून सगळी संभाव्य रूपे तयार करून मजकुराशी ताडून पाहणे मराठीत अधिक भरवशाचे ठरते. फिनलंडच्या किम्मो कोस्केनिएमी यांनी १९८३ साली आपल्या प्रत्ययबहुल फिनिश भाषेसाठी मांडलेली नियमपद्धती तर दोन्ही दिशांनी चालते: तेच नियम रूप घडवतात आणि तेच ओळखतात.

काही गाठी तरीही उरतात. ‘पुण्याहून’ म्हटले की बहुधा शहरच. पण ‘पुण्याचे’ हे रूप ‘पुणे’ आणि ‘पुण्य’ या दोघांचेही आहे. मागे ‘पाप’ किंवा पुढे ‘फळ’ असेल तर खूण करू नये, असा नियम लिहिता येतो. ‘पुण्याचे काम’ मात्र शेजारच्या शब्दांवरून सुटत नाही. तिथे संशयाची वेगळी खूण करून निर्णय वाचणाऱ्यावर सोपवावा, हेच प्रामाणिक.

पुराच्या वेळच्या मजकुरात आणखी एक अडचण येते. शासनाने मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नवे नियम स्वीकारले ते १९६२ साली, म्हणजे पुरानंतर. त्याआधी ‘पुण्यांत पाणी शिरलें’ असे लिहीत. जुने अनुस्वार सरसकट पुसावेत, तर आजच्या लेखनातील ‘घरात’ आणि ‘घरांत’ हा एकवचन-अनेकवचनाचा भेदही पुसला जातो. स्थळनामाला सहसा अनेकवचन नसल्याने ‘पुण्यांत’मधील अनुस्वार दुर्लक्षिता येतो, ‘पेठांत’मधील नाही. त्यामुळे लेखनाचे वर्ष नियमाला कळवावे लागते.

शेवटची अडचण डोळ्यांना दिसतच नाही. पुण्यालगतच्या ‘नऱ्हे’ या गावाचे नाव संगणकात निदान तीन प्रकारे साठवले जाते: ‘ऱ’ या स्वतंत्र चिन्हाने, ‘र’ला नुक्ता (अक्षराखालचा टिंब) जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. पडद्यावर तिन्ही सारखेच दिसतात, पण तुलना करताना संगणकाला ते तीन वेगळे शब्द वाटतात. युनिकोड या संगणकातील अक्षरचिन्हांच्या प्रमाणकाने ठरवून दिलेल्या सामान्यीकरणाने, म्हणजे एकाच अक्षराचे वेगळे प्रकार एका रूपात आणण्याच्या रीतीने, नुक्त्याचा प्रकार ‘ऱ’मध्ये बदलता येतो, अदृश्य जोडचिन्हाचा प्रकार तसाच राहतो आणि त्यासाठी स्वतंत्र नियम लिहावा लागतो. तो लिहिताना एक गोष्ट सांभाळावी लागते. जोडचिन्हाचे ‘नऱ्हे’ सहा चिन्हांचे असते, ‘ऱ’चे पाचच. बदल करताच पुढच्या मजकुरातील प्रत्येक शब्दाची जागा एका चिन्हाने मागे सरकते आणि पुढल्या सगळ्या खुणा चुकीच्या जागी पडतात. म्हणून जुळणी बदललेल्या प्रतीवर करावी, कोणते चिन्ह कुठून आले याची नोंद ठेवावी, आणि त्या नोंदीच्या आधारे खूण मात्र मूळ मजकुरावरच उमटवावी.