कमळ कुठलं, कुमुद कुठलं: पान बघून ठरवा

कमळ तुम्हाला माहीत आहे. चिखलात कंद, लक्ष्मीच्या हातात फूल, बुद्धाच्या आसनाखाली पाकळ्या. त्यावर वेळ घालवत नाही. घोळ होतो तो कुमुदाचा, म्हणजे पोयणीचा (वॉटर लिली). तिचे फोटो 'कमळ' म्हणून इतके फिरतात की खरं कमळ दिसलं तर लोकांना तेच वेगळं वाटावं.

रंगावरून ओळखायला जाऊ नका. पांढरी आणि गुलाबी फुलं दोन्हींत असतात. 'कुमुद रात्री फुलतं' हेही अर्धंच खरं, कारण त्याच्या कितीतरी जाती दिवसा फुलतात.

पान बघा. कुमुदाचं पान पाण्यावर पसरून तरंगतं आणि त्याला कडेपासून देठापर्यंत खाच असते. कमळाचं पान अखंड गोल, देठ खालून मध्यावर जोडलेला. कोवळी पानं तरंगतात, पण खाच त्यांनाही नसते. पुढची पानं पाण्याच्या वर उभी राहतात. आता त्यावर पाणी टाका. थेंबाची गोळी होते आणि घरंगळून जाते, सोबत धूळही नेते. पानावर मेणाचं आवरण असलेले अतिसूक्ष्म उंचवटे असतात, पाण्याला टेकायला जागाच मिळत नाही. गीतेच्या 5व्या अध्यायातलं 'पद्मपत्रमिवाम्भसा' ते हेच पान. त्या श्लोकाच्या चित्रात खाचेचं पान काढणाऱ्याने श्लोक वाचला असेल, तळं पाहिलेलं नसतं.

पान दिसत नसेल तर फुलाच्या मधोमध बघा. कमळात झारीच्या तोंडासारखा सपाट, भोकं असलेला उलटा शंकू असतो, त्यात बिया पिकतात. कुमुदात तो नसतो. त्याचं फळ पाण्याखाली पिकतं.

वनस्पतींना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही 1753मध्ये दोघांना एकाच प्रजातीत (genus) टाकलं होतं, त्यामुळे सामान्य माणसाला मी फार बोलत नाही. डीएनएने मात्र नातं पार मोडलं: कमळाचे जवळचे भाऊबंद कुमुदात नाहीत, चिनारात आहेत. होय, त्या झाडात.

चित्र आणि शिल्पांबद्दल मात्र मी हटून बसतो. दिल्लीचं 1986 साली खुलं झालेलं बहाई मंदिर, 27 पाकळ्यांचं, ते कमळ. फ्रेंच चित्रकार मोनेने जिव्हर्नीच्या तळ्यावर रंगवलेली सुमारे अडीचशे चित्रं, ती कुमुदं. 'मोनेची कमळं' म्हणू नये. प्राचीन इजिप्तच्या थडग्यांतल्या भिंतींवरचं प्रसिद्ध 'निळं कमळ' हेही कुमुदच, आणि आपल्या काव्यांतलं नीलोत्पलही. खऱ्या कमळात निळा रंग नसतोच. बांगलादेशाचा शापला आणि श्रीलंकेचं निळं मानेल ही राष्ट्रीय फुलंही कुमुदंच, कमळ भारताचं. सामान्यज्ञानाच्या प्रश्नसंचात या तिघांपुढे 'कमळ' असं एकच उत्तर दिसलं, तर ते खोडून टाका.