कॉर्व्हेअर दगा द्यायची ती इंजिनामुळे नव्हे

अमेरिकेतली शेव्हरोले कॉर्व्हेअर वळणावर दगा द्यायची, कारण तिचं इंजिन मागे होतं, असं जुन्या गाड्यांचे शौकीन अजूनही ठामपणे सांगतात. मागच्या वजनाचा वाटा होताच. पण खरी गोम १९६० ते ६४ च्या मॉडेलांतल्या स्विंग अ‍ॅक्सलमध्ये, म्हणजे मागच्या चाकांच्या जोडणीत होती.

यात अर्ध्या अ‍ॅक्सलला, म्हणजे एकेका मागच्या चाकाला फिरवणाऱ्या दांड्याला, सांधा फक्त आतल्या टोकाला, डिफरन्शियलपाशी (इंजिनाचा जोर दोन्ही चाकांना वाटून देणाऱ्या पेटीपाशी). जोरात वळताना गाडीचं मागचं अंग वर उचललं गेलं की बाहेरच्या बाजूचं चाक खालून आत दुमडतं, टायर कडेवर येतो, पकड सुटते आणि गाडीची मागची बाजू फिरते. घाबरून अ‍ॅक्सिलरेटर सोडला तर आणखी वाईट. म्हणूनच, मागच्या चाकांआधी पुढची घसरावीत यासाठी, कंपनीने टायरमध्ये पुढे १५ आणि मागे २६ पौंड हवा ठेवायला सांगितली होती. चारही चाकांत सारखी हवा भरणाऱ्यांनी तो आधारही घालवला.

१९६५ मध्ये इंजिन मागेच राहिलं, बदललं ते सस्पेन्शन, म्हणजे चाकांची गाडीशी असलेली जोडणी. अ‍ॅक्सलला दोन्ही टोकांना सांधे आले आणि गाडी वळणावर शहाण्यासारखी वागू लागली. उलट ट्रायम्फ हेरल्डचं, मद्रासला पूर्वी बनणाऱ्या आपल्या स्टँडर्ड हेरल्डच्या मूळ गाडीचं, इंजिन पुढे. तरी स्विंग अ‍ॅक्सलमुळे तिचंही मागचं चाक असंच दुमडायचं.