टेकनवाल्यांनो, इथं बसून खेळायचं असतं

दर चवथीला मूळ घरी भावंडं जमतात आणि रात्रीची आरती आटोपली की मागच्या खोलीत पीएस-थ्री हा गेमचा कन्सोल लागतो. गोव्यातल्या साखळी गावचा माझा आतेभाऊ दर वर्षी तीच डिस्क उचलतो आणि तेच विचारतो, "हा टेकनच ना रे?" मी नाही म्हणतो. तो खेळतो, चार राउंड सलग हरतो आणि म्हणतो, "तुझ्या कंट्रोलरचं बटण अडकतंय."

बटण ठीक आहे. गेम वेगळा आहे: 'स्ट्रीट फायटर क्रॉस टेकन'. यंदा एकदाच लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या चवथीला लिंक पाठवता येईल.

घोळ होण्यासारखी परिस्थिती आहे, हे मान्य. टेकन आणि स्ट्रीट फायटर या मारामारीच्या गेमच्या दोन वेगळ्या मालिका. 2012 साली मार्चमध्ये 'स्ट्रीट फायटर क्रॉस टेकन' आला, सप्टेंबरमध्ये घरच्या कन्सोलवर 'टेकन टॅग टूर्नामेंट 2'. दोन्हींत दोघादोघांच्या जोड्या, दोन्हींत टेकनची काझुया, जिन, किंग, पॉल ही पात्रं. पण पहिला स्ट्रीट फायटरवाल्या कॅपकॉम कंपनीचा, दुसरा टेकनवाल्या नामकोचा. आणि डिस्कवरच्या नावात मधे जी X अशी फुली असते तिला 'एक्स' म्हणू नका, ती 'क्रॉस' आहे. ज्याचं नाव आधी, घर त्याचं. नामकोच्या घरचा उलटा गेम, 'टेकन क्रॉस स्ट्रीट फायटर', 2010 मध्ये जाहीर झाला आणि कधीच आला नाही. "माझ्या मित्राकडे आहे" म्हणणाऱ्यांनी मित्राची डिस्क नीट वाचावी. त्याऐवजी स्ट्रीट फायटरचा अकुमा एकटाच टेकन 7 मध्ये पाहुणा गेला.

'टेकन टॅग टूर्नामेंट 2', म्हणजे टॅग 2 बद्दल फार लिहीत नाही. ज्यानं शाळा बुडवून गेम पार्लरमध्ये टेकन 3 खेळलाय, त्याला तो अर्ध्या तासात हाताशी येतो. चार बटणं, चार हातपाय, बाजूला सरकायची सोय, उडवलेल्याला हवेतच झोडपायचं. पीसीवर तो आलाच नाही, एवढं लक्षात ठेवा.

क्रॉस टेकनमध्ये बटणं सहा: तीन ठोसे, तीन लाथा, हलकी-मधली-जड अशी. बाजूला सरकणं नाही. समोरून हादोकेन, म्हणजे हातांतून सोडलेला ऊर्जेचा गोळा, येतो. या गोष्टी दहा मिनिटांत कळतात, त्यांनी कुणी हरत नाही. जोडीतला एक जरी पडला तरी राउंड संपतो, हे दोन्हीकडे सारखंच.

हरतात ते ब्लॉकमुळे, म्हणजे वार अडवण्यामुळे.

टेकनमध्ये वार तीन उंचीवर येतात. वरचा वार बसलेल्याच्या डोक्यावरून जातो. मधला वार बसलेल्याला हाणतो, तो उभ्यानंच अडवावा लागतो. खालचा बसून अडवायचा. आता टेकनमधले जीवघेणे वार आठवा: बरेचसे मधले. पॉलचा तो एका ठोशात समोरच्याच्या जिवाची अर्धी पट्टी नेणारा हात बसलेल्यालाच शोधत येतो. म्हणून टेकनवाला लहानपणापासून उभा राहायला शिकतो आणि खालचा वार दिसला तरच क्षणभर बसतो. शिवाय टेकन त्याला एक लाड पुरवतो: काहीही न दाबता नुसतं उभं राहिलं तरी बरेच वार आपोआप अडतात. ही सवय इतकी मुरते की ती सवय आहे हेच कळत नाही.

स्ट्रीट फायटरच्या घरात हे सगळं उलटं. इथं जमिनीवरून येणारे बहुतेक वार बसल्या बसल्या अडतात. उभ्यानं अडवायचे ते दोनच: उडी मारून वरून आलेले, आणि बसलेल्याला फोडण्यासाठीच ठेवलेले मोजके वार, ज्यांना ओव्हरहेड म्हणतात. मात्र खालची लाथ उभ्यानं अडत नाही, आणि ती इथं टेकनसारखी सावकाश, दिसत येत नाही. स्ट्रीट फायटरच्या रियूची बसून मारलेली मधली लाथ डोळ्यानं पकडून बसू म्हणाल तर उशीर झालेला असतो. म्हणून इथं मागे-खाली धरून बसणं हा मुक्काम, आणि उभं राहणं हा अपवाद. आणि काहीच न दाबता उभे राहिलात तर काहीच अडत नाही. मार बसतो.

आतेभावाचं नेमकं हेच होतं. मी गेल्या वर्षी पडदा सोडून त्याचा अंगठा बघत होतो. जरा दम खायचा झाला की अंगठा दिशांच्या बटणांवरून उचलायचा. टेकनमध्ये तो तेवढ्यात सुरक्षित असतो. इथं मी प्रत्येक वेळी तीच मधली लाथ, तिच्यामागून हादोकेन. आणि त्यानं पॉल घेतला की त्याचा तो प्रसिद्ध ठोसा मी बसूनच अडवायचो. "अरे, तू बसला होतास! लागायलाच पाहिजे होता!" नाही लागणार, बाबा. पॉल टेकनचा असला तरी कायदा कॅपकॉमचा. पेडण्याचा दशावतारी नट म्हापशाच्या मंडळाच्या नाटकात उभा राहिला तर प्रॉम्प्टर म्हापशाचाच ऐकावा लागतो.

एवढं जमलं की गेमची खरी मजा उघडते. जड ठोसा आणि जड लाथ एकत्र दाबली की समोरचा हवेत जातो आणि आपला जोडीदार आपोआप आत येऊन त्याला झेलतो. साधी कॉम्बोसाखळीसुद्धा त्या फेकीत संपवता येते, म्हणून नवख्याच्या हातूनही काहीतरी देखणं घडतं. टॅग 2 मध्ये तेवढं देखणं करायला महिनाभर घासावं लागतं. या एका गोष्टीसाठी मला क्रॉस टेकन जास्त आवडतो, आणि यावर मी वाद घालत नाही.

बोंबा मात्र खऱ्या आहेत. 12 पात्रं डिस्कवर आधीच भरलेली होती आणि तीच नंतर वेगळ्या पैशात विकली. हे कळल्यावर लोक जे चिडले ते अजून शांत झालेले नाहीत, मीही नाही. नुसती बटणं बडवायला टेकनमधला एडी शोधणाऱ्यांना तो सापडणारच नाही, आणि त्याच्या धाटणीची क्रिस्टी त्या कुलूपबंद बारांतली. जेम नावाची ताकद वाढवणारी रत्नं आहेत. घरात खेळताना मी ती सरळ बंद करायला लावतो. सुरुवातीला मॅच घड्याळ संपेपर्यंत रेंगाळायच्या, 2013 च्या अपडेटनं ते बरंच सुधारलं. आणि पँडोरा: पट्टी पावाखाली गेली की जोडीदाराचा बळी देऊन काही सेकंद राक्षसी ताकद मिळते, पण तेवढ्यात समोरचा पडला नाही तर तुम्हीच पडता. आतेभावाला हे फार आवडतं. दर वेळी दाबतो, दर वेळी हरतो.

गेल्या चवथीला शेवटच्या राउंडला तो पहिल्यांदा मागे-खाली धरून बसला. लाथ अडली, हादोकेनही अडला. मी उडी मारली, तो बसूनच राहिला, आणि माझी जड लाथ त्याच्या डोक्यावर. "आत्ताच तर बसायला सांगितलंस!" तो ओरडला. उत्तर देणार एवढ्यात लाइट गेली.