वाफ निववणाऱ्या पाण्याची पार्श्वभूमी

गवती चहा किंवा रोशा गवताचे तेल काढण्यासाठी बांधावर बसवलेली छोटी भट्टी असो, की बॅटरीत घालायचे शुद्ध पाणी घरी तयार करणारे काचेचे यंत्र असो, आगीवर सगळ्यांचे लक्ष असते. वाफ निववणाऱ्या पाण्याची तोटी मात्र एकदा सोडली की तिच्याकडे कोणी फिरकत नाही. (दारू गाळण्याचा येथे संबंध नाही, 1949 च्या दारूबंदी कायद्याखाली तो गुन्हा आहे.) मराठवाड्यात ही बेफिकिरी परवडत नाही, आणि ती तशी फार जुनीही नाही.

हिशेब साधा आहे. एक किलो वाफेचे पाणी होताना सुमारे 540 किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते, आणि ती नेण्याचे काम थंड पाण्याला करावे लागते. जानेवारीत 20 अंशांचे पाणी आत सोडून ते 60 अंशांवर बाहेर घेतले, तर एक लिटर अर्कामागे साधारण 14 लिटर पाणी पुरते. मे महिन्यात गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी 42 अंशांना पोहोचलेले असते. तेव्हा त्याच कामाला 30 लिटर लागतात.

जुन्या पद्धतींत पाणी वाहतच नव्हते. रसशास्त्रातील (धातू आणि पाऱ्याची औषधे करण्याच्या आयुर्वेदातील शाखेतील) विद्याधर यंत्रात खालच्या भांड्यावर थंड पाण्याने भरलेले दुसरे भांडे बसवीत आणि हिंगुळातून, म्हणजे पाऱ्याच्या लाल खनिजातून, सुटलेला पारा त्याच्या बुडाला धरत असे. ऐन-ए-अकबरीत अबुल फजलने अर्क गाळण्याच्या तीन तऱ्हा नोंदवल्या आहेत. त्यांतल्या पहिलीत भांड्यावर उलटे झाकण ठेवून त्यात गार पाणी भरायचे आणि ते तापले की बदलायचे, एवढीच व्यवस्था आहे. कनौजच्या अत्तरवाल्यांच्या डेग-भपक्यातही (डेग म्हणजे फुले उकळण्याचे भांडे, भपका म्हणजे अर्क गोळा करण्याचे) भपका पाण्याच्या हौदात बुडवलेला असतो, आणि भपका बदलायची वेळ आली की कारागीर डेगेवर ओले फडके फिरवून वाफेचा जोर तेवढ्यापुरता मोडतो. या पद्धतींतला खरा ताबा पाण्यावर नसून आगीवर होता, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते: हौदातल्या पाण्याला जेवढा झेपेल तेवढाच जाळ लावायचा.

युरोपात वेटोळ्याची नळी पाण्याच्या पिंपात बुडवून पिंपाच्या तळाशी थंड पाणी सोडण्याची आणि वरून गरम पाणी काढून देण्याची रीत पडली. सन 1771 मध्ये ख्रिश्चन एरेनफ्रीड वायगेल या जर्मन शास्त्रज्ञाने एका नळीभोवती दुसरी नळी बसवून मधल्या पोकळीतून वाफेच्या उलट दिशेने पाणी खेळवण्याची रचना मांडली. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिगने ती सुधारून प्रयोगशाळांत रूढ केली, म्हणून आज ती त्याच्याच नावाने ओळखली जाते. शहरांत दाबाचे नळ आल्यावर या रचनेने बस्तान बसवले आणि आग मनासारखी ठेवून पाणी हवे तेवढे सोडण्याची सवय लागली. आपल्या शाळा-महाविद्यालयांत लीबिगचा कंडेन्सर, म्हणजे वाफ निववणारी ही दुहेरी नळी, आला तो या सवयीसकट.

मराठवाड्यात दाबाचा नळ क्वचितच हाताशी असतो. असते ती टाकी. तिच्यातून पडणारा प्रवाह पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळाप्रमाणे बदलतो. म्हणजे तोटीच्या वर दोन मीटर असलेली पातळी अर्ध्या मीटरवर आली, तर कॉकला हात न लावताही प्रवाह निम्मा होतो. सकाळी बेतशीर वाटणारी धार दुपारी अपुरी पडते ती यामुळे. उपाय जुनाच आहे: मधे एक लहान बादली टांगायची, तिला बॉलकॉक लावून पातळी एकाच जागी धरायची आणि कंडेन्सरला पाणी त्या बादलीतून द्यायचे. दाब मोडून पाणी शांतपणे पुढे नेण्याची कल्पना या मुलखाला नवखी नाही. मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या आरंभी खडकीसाठी, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरासाठी, काढलेल्या नहरीवर दाब आणि हवा सुटावी म्हणून बांधलेले उंच बंबे अजून उभे दिसतात. ठिबकचे दाब सांभाळणारे ड्रिपरही कामी येतात (पाणी गार असेल तर ताशी आठ लिटरचे चार जोडले की एक किलोवॉटच्या शेगडीची सोय होते), पण त्यांना किमान दाब लागतो आणि घरावरची टाकी तो देत नाही.

प्रवाह बेताचा आहे की नाही, हे कंडेन्सरला हात लावूनच कळते. वरचा भाग चटका देणारा, मधला कोमट आणि खालचा गार लागला, तर पाणी बरोबर आहे. निम्म्याहून अधिक नळी गार लागत असेल, तर पाणी वाया चालले आहे. पाणी कमी पडले की तेल वाफेबरोबर उडून जाते, आणि खोलीभर दरवळलेला सुवास हा खरे तर नुकसानीचा वास असतो. भारनियमनात विजेची शेगडी आणि पंप एकदमच बंद पडतात. गॅस किंवा लाकडाचा जाळ मात्र चालूच राहतो, त्यामुळे अशा भट्टीला पाणी पंपाने न देता उंचीवरून द्यावे.

एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या पहिल्या गाडीत पाच लाख लिटर पाणी होते. अशा प्रदेशात गरम झालेले पाणी नालीत सोडून देणे शोभत नाही, म्हणून तेच पाणी फिरवून वापरण्याकडे कल वळणे साहजिक आहे. पण नुसत्या पिंपात फिरवलेले पाणी थोड्याच वेळात तापते. येथे मराठवाड्याचा कोरडा उन्हाळा उपयोगी पडतो. हवा 41 अंश आणि आर्द्रता 20 टक्के असताना कूलरच्या गवताच्या ताट्यांवरून झिरपलेले पाणी पंचविशीच्या आसपास उतरू शकते, आणि एक लिटर अर्कामागे सुमारे एकच लिटर पाणी हवेत उडून जाते. पावसाळी दमट हवेत ही युक्ती लंगडी पडते. मात्र तोवर विहिरीला पाणी आलेले असते, आणि ते भट्टीतून काढून थेट वाफ्यात सोडता येते.