पिस्तुलाची गोळी केवढी असावी? नऊ एमएम, .४० आणि .४५ च्या वादामागची गोष्ट

पिस्तुलाची गोळी मोठी बरी की लहान, हा वाद जुना आहे. त्यातले आकडे गोळीच्या जाडीचे: .४५ म्हणजे साधारण ०.४५ इंच व्यास, नऊ एमएम म्हणजे साधारण नऊ मिलिमीटर. अमेरिकी लष्कराने १८९२ मध्ये .४५ चं जुनं रिव्हॉल्व्हर बाजूला ठेवून कोल्ट कंपनीचं .३८ चं घेतलं. ते हलकं होतं, झटकाही कमी द्यायचं. मग फिलिपिन्सची लढाई सुरू झाली आणि तक्रारी येऊ लागल्या: दक्षिण फिलिपिन्समधले मोरो या मुस्लिम जमातींचे लढवय्ये गोळ्या लागूनही पात्यानिशी अंगावर येतात. समार बेटावर १९०५ मध्ये पळू पाहणाऱ्या एका कैद्याला जवळून .३८ च्या चार गोळ्या लागल्या, तरी तो झटतच राहिला. शेवटी कार्बाइनचा (आखूड रायफलचा) दस्ता कपाळावर हाणून त्याला आडवं करावं लागलं.

अशा तक्रारींवरून त्याआधी, १९०४ मध्येच, जॉन थॉम्पसन हे लष्करी अधिकारी आणि लुई लागार्ड हे लष्करी सर्जन यांना चाचण्या घ्यायला सांगितलं होतं. शिकागोच्या कत्तलखान्यातली जिवंत गुरं आणि माणसांची प्रेतं यांच्यावर त्यांनी वेगवेगळ्या गोळ्या झाडून पाहिल्या. आज ते वाचवत नाही, आणि शास्त्र म्हणूनही ती पद्धत कच्चीच होती. निष्कर्ष निघाला की गोळी .४५ पेक्षा लहान नको. त्यातूनच बंदुकांचे रचनाकार जॉन ब्राउनिंग यांचं .४५ चं पिस्तूल १९११ मध्ये लष्करात आलं. त्याच अहवालात आणखी एक गोष्ट बजावली होती: शरीराच्या बहुतेक भागांत लागलेली पिस्तुलाची गोळी माणसाला जागीच थांबवेल याचा भरवसा नाही, म्हणून शिपायाकडून अचूक नेमबाजीचा सराव अखंड करून घ्या. .४५ चा आकडा सगळ्यांच्या तोंडी बसला, सरावाचं मागे पडलं.

युरोप वेगळ्या वाटेने गेला. गेओर्ग लुगरची नऊ एमएमची गोळी जर्मन नौदलाने १९०४ मध्ये आणि भूदलाने १९०८ मध्ये घेतली. गोळी बारीक असल्याने मॅगझिनमध्ये जास्त मावतात. १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरमध्ये तेरा मावायच्या. आपल्याकडे ईशापूरच्या कारखान्यात बनणारं नऊ एमएमचं पिस्तूल याच घराण्यातलं, आणि पुण्याजवळच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यात नऊ एमएमची काडतुसंही बनतात. अमेरिकी लष्करानेही १९८५ मध्ये .४५ सोडून नऊ एमएमचं बेरेटा घेतलं.

आणि पुढच्याच वर्षी मायामी घडलं. ११ एप्रिल १९८६ रोजी एफबीआय या अमेरिकेच्या केंद्रीय तपास संस्थेच्या आठ एजंटांनी दोन सशस्त्र दरोडेखोरांना रस्त्यात गाठलं. नऊ एमएमची एक गोळी त्यांतल्या एकाच्या उजव्या दंडातून आरपार जाऊन छातीत शिरली, फुफ्फुसात गेली आणि हृदयाच्या इंचभर अलीकडे थांबली. जखम जीवघेणी होती, पण लगेच जीव घेणारी नव्हती. त्यानंतरही तो रायफल चालवत राहिला. दोन एजंट ठार झाले, पाच जखमी झाले.

खापर फुटलं त्या एका गोळीवर. मला हे पटत नाही. समोर रायफल असताना बहुतेकांच्या हाती रिव्हॉल्व्हरं आणि पिस्तुलं होती, ही खरी अडचण. पण त्या शोकातून एक चांगली गोष्ट झाली: गोळ्यांचा परिणाम जोखण्याची ठोस रीत आली. मांसासारख्या घट्ट जेलाटिनमध्ये गोळी किमान बारा इंच शिरलीच पाहिजे, मग वाटेत दंड येवो, जाड कपडे येवोत की गाडीची काच. एफबीआयने आधी १० एमएम निवडली, पण तिचा झटका आणि पिस्तुलाचा आकार अनेकांना झेपेना. म्हणून त्यांनी काडतुसातली दारू कमी केली. दारू कमीच लागणार, तर लांब काडतूस कशाला? मग २५ मिलिमीटरचं पितळी नळकांडं साडेएकवीसवर आणलं आणि १९९० मध्ये .४० स्मिथ अँड वेसन बाजारात आली. अमेरिकेतल्या पोलीस दलांनी ती उचलून धरली.

लष्कराची गोष्ट मात्र वेगळी. शरीरात फुलणाऱ्या, म्हणजे आत शिरल्यावर पसरून रुंद होणाऱ्या गोळ्या युद्धात वापरू नयेत, असं १८९९ च्या हेग परिषदेत ठरलं होतं, आणि त्याला निमित्त होत्या कोलकात्याजवळच्या डमडमच्या कारखान्यातल्या गोळ्या. म्हणून सैनिकाच्या पिस्तुलात पूर्ण कवचाची (धातूच्या आवरणामुळे न फुलणारी) गोळी असते आणि ती आरपार जाऊ शकते. पोलिसाच्या गोळीमागे मात्र भर बाजारातला निरपराध माणूस उभा असू शकतो, म्हणून अनेक देशांच्या पोलिसांकडे फुलून आतच थांबणारी गोळी असते. ही तफावत सोडून नुसते आकडे ताडून पाहण्यात अर्थ नाही.

दरम्यान गोळ्यांची घडण सुधारली आणि नऊ एमएमही जेलाटिनच्या कसोटीला उतरू लागली. २०१४ मध्ये एफबीआयच्या प्रशिक्षण विभागाने लिहिलं की खऱ्या चकमकीत पोलिसांच्या ७० ते ८० टक्के गोळ्या चुकतात, आणि नऊ एमएमने बहुतेकांचा नेम जास्त जुळतो, हातही लवकर सावरतो. थॉम्पसन-लागार्ड यांची सरावाची ताकीद शंभर वर्षांनी कामी आली. २०१६ मध्ये एफबीआयने ग्लॉक कंपनीच्या नऊ एमएमच्या पिस्तुलांचं कंत्राट दिलं. अमेरिकी लष्कराने २०१७ मध्ये नवं पिस्तूल निवडलं तेही नऊ एमएमचंच, आणि त्यासोबत कवचाच्या गोळीच्या जोडीला खास कामांसाठी फुलणारी गोळीही घेतली.