पुंडलिकनगरात खोली स्वस्त का?

छत्रपती संभाजीनगरात कमी भाड्यात दोन खोल्या हव्यात म्हटलं की एजंट गाडी वळवतो पुंडलिकनगर, जयभवानीनगर, हनुमाननगरकडे. या भागांतली भाडी कमी राहण्याचं मूळ गुंठेवारीत, म्हणजे शेतजमीन गुंठ्यागुंठ्याने विकण्यात आहे.

1958 मध्ये इथे मराठवाडा विद्यापीठ सुरू झालं, पाठोपाठ चिकलठाण्याची एमआयडीसी, 1980च्या दशकात वाळूजला बजाज. जालना, बीड, परभणीकडून पोरं शिकायला आणि कामाला येत गेली. सिडकोने एन-वनपासून पुढचे सेक्टर वसवले खरे, पण ती घरं विकायची होती, भाड्याने द्यायची नव्हती. कायम नोकरी असलेल्यालाच ती परवडली. बाकीच्यांसाठी शहराच्या कडेच्या शेतकऱ्यांनी शेताचे तुकडे करून विकले. गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. त्याचेही तुकडे पाडून 20 बाय 30चे प्लॉट, व्यवहार बॉण्डवर, म्हणजे नोंदणी न करता नुसत्या स्टँप पेपरवर. एनए (बिगरशेती परवानगी) नाही, लेआउट मंजूर नाही, त्यामुळे बँक दारात उभं करीना. मालक मग जमेल तसं बांधत गेला: आधी खाली दोन खोल्या, चार वर्षांनी बाहेरून लोखंडी जिना आणि वर दोन. वरच्या भाड्यातून खालचं प्लास्टर! स्वस्त भाड्याची घरं या शहराला कुठल्या योजनेने दिली नाहीत, या जिन्यांनी दिली. 2001 मध्ये असे प्लॉट नियमित करणारा गुंठेवारीचा कायदा आला, तोवर वस्त्या भरून गेल्या होत्या.

भाड्याचा कायदा इथे वेगळ्याच वाटेने आला. मराठवाडा हैदराबाद राज्यात असताना झालेला 1954चा घरभाडे कायदा, मराठवाडा मुंबई राज्यात आल्यावरही, 31 मार्च 2000 पर्यंत चालू होता. त्या दिवसापासून महाराष्ट्राचा 1999चा कायदा लागू झाला. त्यात करार लेखी हवा, नोंदवलेला हवा, आणि ती जबाबदारी मालकाची. करार नोंदवलेला नसेल तर अटींबाबत भाडेकरू सांगेल ते धरलं जातं. ते खोटं ठरवायचं काम मालकाचं. ज्याचा स्वतःचा प्लॉटच बॉण्डवर, तो कशाला नोंदणी कार्यालयाची पायरी चढतोय? नोटरीचा अकरा महिन्यांचा कागद, तोही बहुतेकदा डिपॉझिट घेऊन झाल्यावर.

भाडं ठरताना मात्र कागदाला कोणी विचारत नाही. आधी प्रश्न, बोअर आहे का? नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या या शहरात बोअर आणि वर टाकी असलेला मालक शेजाऱ्यापेक्षा जास्त भाडं सांगतो, आणि त्याला ते मिळतंही.